साखरेची नाकं

सव्वासातला ती दार ढकलते. आधी खांदा, मग काठी,
मग बारा-तेरा अनोळखी माणसं, ओल्या कोटांची.
माझे ग्लास तोवर धुऊन उलटे मांडलेले असतात.
खोडेलीव्ह. सदुसष्ट वर्षांची. तीस वर्षं ट्राम चालवली,
आता गेंट शहर चालवते,
सोमवार सोडून रोज, माणशी बत्तीस युरो.
त्यात चार चॉकलेटं, तीन बिअर
आणि घंटाघरावरचा सोनेरी ड्रॅगन. तो फुकट.

माझा बार तिसरा. म्हणजे इथे येईपर्यंत
त्यांनी पुलावरून तीन मनोरे एका रांगेत पाहिलेले असतात,
ओडीलच्या दुकानात काळं चॉकलेट जिभेवर ठेवून
न चावण्याची शिक्षा भोगलेली असते,
आणि बाजारातल्या हातगाडीवरून
जांभळी नाकं घेतलेली असतात:
साखरेची, टोकदार, आतून पाक.
आमच्या गावात नाकं खातात. लाज नाही.

मी गडद बिअर ओततो. फेस दोन बोटं.
ती ग्लास उजेडात धरते, नाकाशी नेते, डोळे मिटते.
"भाजलेल्या पावाची कड," म्हणते,
"मनुका. आणि शेवटी, जरा थांबा,
बोटीवरचं दोरखंड, पावसात भिजलेलं."
माणसं थांबतात. आणि शप्पथ,
त्यांना दोरखंड लागतं.

मलाही लागायचं.

मागच्या मार्चपर्यंत. नळी धुवायची राहिली होती,
पिंपातल्या बिअरचं पार व्हिनेगर झालेलं.
मला कळलं ते पहिल्या गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं झालं तेव्हा.
तोवर तिने अर्धा ग्लास संपवला होता
आणि मनुकांपाशी पोचली होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.
"आज आम्ही दोघं तुमची परीक्षा घेत होतो," मी म्हणालो.
माणसं हसली. मी नवे ग्लास भरले.
त्या रात्री ती खुर्च्या टेबलांवर चढवायला थांबली.
दोन हिवाळ्यांपूर्वीचा ताप. ताप गेला,
जाताना नाक घेऊन गेला.
कॉफी म्हणजे गरम. साबण म्हणजे बुळबुळीत.
"नवऱ्याचा स्वेटर मी अजून कपाटातून काढते, वानेस,
आणि ती नुसती लोकर असते."

दोरखंडाचं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं:
वडील लेये नदीवर कोळशाची बोट हाकायचे.
सगळ्या चवी जुन्याच आहेत. रोज एकेक काढते,
पुसते, परत ठेवते. काही झिजल्यात.
मनुका हल्ली नुसता शब्द राहिलाय.

आमचं काही ठरलं असं नाही. पण
पिंप बदललं की मी ओतता ओतता पुटपुटतो:
"संत्र्याची साल." "धूर, थोडासाच." "यंदा मध कमी."
ती मान हलवत नाही. दोन मिनिटांनी माझेच शब्द
तिच्या तोंडून येतात आणि माझे वाटत नाहीत.
मी साल म्हणालेलो असतो. ती म्हणते,
"सुट्टीनंतर दप्तराच्या तळाशी सापडलेली साल."

काल ओस्टेंडची एक मुलगी होती, आईबरोबर, नऊएक वर्षांची.
तिला बिअर नाही, सफरचंदाचा रस.
मला कशाचीच चव लागत नाहीये, ती म्हणाली, सर्दी झालीय.
सगळ्यांसमोर. अगदी सहज.
आई दटावणार तोच खोडेलीव्ह वाकली,
गुडघे कडकडले,
तिने चॉकलेटचा तुकडा मुलीच्या कानाशी धरला
आणि मोडला.

टक्.

"हे चांगलं आहे," म्हणाली. "वाईट असतं तर वाकलं असतं."
मुलीने दुसरा कान पुढे केला.

गल्ला मोजून झाल्यावर मी एक ग्लास भरला,
नाक मुठीत धरलं आणि प्यालो.
थंड. कडू. जिभेला टोचणारं काहीतरी.
मनुका नाही. पावाची कड नाही.
मूठ मी लगेच सोडली नाही.
बाहेर कालव्यात कुणाची तरी बोट
वरखाली होत होती, भिंतीला घासत,
आणि तिचं दोरखंड करकरत होतं.